गप्प बसायचे पैसे

आमच्या ताई शाळेची व्हॅन चालवतात. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. पोरं त्यांना पाठीमागे 'भोंगा मावशी' म्हणतात, आणि ज्या कुणी हे नाव ठेवलं त्याची मी पाठ थोपटीन, कारण इतकं फिट्ट बसलेलं नाव दुसरं नाही. व्हॅनचा हॉर्न कित्येक वर्षं बंद होता. दुरुस्त का करत नाही विचारलं की म्हणायच्या, "कशाला उगाच खर्च? मी आहे ना!" इमारतीखाली गाडी लावायची, काच खाली करायची, डोकं बाहेर काढायचं आणि हाक मारायची. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळायचा.

बरं, हाकही सगळ्यांना सारखी नाही. सहावीतली एक मुलगी सारखा वाद घालते, तिला "वकीलसाहेब, कोर्ट उघडलं!" चष्म्यातल्या एका मुलाला नुसतं "प्रोफेसर!", कारण तो आधीच जिन्यात उभा असायचा. आणि त्याची धाकटी बहीण, पहिलीतली, दप्तराखाली दिसायचीसुद्धा नाही, तिला लांबवून लांबवून "मुंगेऽऽ, ए मुंगेऽऽ!" ती मुंगी धडपडत खाली यायची आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर चढून बसायची. ती जागा तिचीच. दुसरं कुणी बसलं तर गाडी हलायची नाही.

मी त्या व्हॅनच्या दारात कशी आले ते सांगते. थोरले दीर गेले तेव्हा ताईंनी स्टिअरिंग हातात घेतलं. लोकांनी नाकं मुरडली, यांनी गिअर टाकला. पुढे माझ्या नवऱ्याची पाठ कामावर दुखावली आणि तो घरी बसला. मी दिवसभर डोळे पुसत चुलीपुढे बसायचे. एके दिवशी ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "धाकटे, रडून झालं असेल तर चल. दारात बस, पोरं मोज." सांत्वन नाही, काही नाही. मला तर राग आला होता, खोटं कशाला बोलू! पण दुसऱ्या दिवशी गेले. त्यानंतर आमच्या घरातला चहा कधी बिनसाखरेचा झाला नाही. पुढे त्यांनीच बाजारामागच्या मोकळ्या मैदानात मला गाडी शिकवली. गिअर चुकला की डॅशबोर्डवर हाताचा पंजा आपटायच्या आणि आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं माझ्या डोक्यातल्या भुशाबद्दल बोलायच्या.

आणि पोरांना दिवसातून शंभरदा: "अरे, गप्प बसा रे! एक दिवस गप्प बसून दाखवा, मी पैसे देते तुम्हाला!" पोरं कुठली ऐकतात. ती आणखी कालवा करायची, ताई आणखी ओरडायच्या, आणि मी मध्ये बसून तिसरा आवाज लावायचे. माझं तोंड चालतं हे मला कुणी सांगायला नको.

मग त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं, ओरडून ओरडून घसा धरलाय. गरम पाणी झालं, गुळण्या झाल्या. महिने उलटले तरी बसलेला घसा उठेना, तेव्हा मी भांडून त्यांना हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: घशात गाठ आहे, ती काढायची तर आवाजाची पेटीही काढावी लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. ताईंनी फक्त विचारलं, "नंतर गाडी चालवता येईल ना?" येईल म्हणाले. "मग काढा की. वाट कसली बघताय?"

ऑपरेशन चांगलं झालं. आता त्या श्वास घेतात तो गळ्याला ठेवलेल्या भोकातून. वरून पांढरा मऊ रुमाल बांधलेला असतो. घरी आल्यावर एका नातेवाइकाने प्रेमाने शिट्टी आणून दिली. अहो, शिट्टी फुंकायला तोंडातून वारा नको का? ताईंनी ती त्याच्याच खिशात घालून परत पाठवली. बोलायला पाटी घेतली. पण रागावून लिहायचं म्हणजे खडू मोडतो, आणि मोडका खडू शोधेपर्यंत राग जातो. रागच धड करता येईना तेव्हा बाई सुकायला लागली.

तोवर व्हॅन मी चालवत होते, आणि दाराची कडी प्रोफेसर लावायचा. नवा हॉर्न बसवून घेतला, चांगला ठणठणीत. इमारतीखाली वाजवायचे, वाजवतच राहायचे, पोरं काही खाली येत नव्हती. मी वर जाऊन ओरडले तर वकीलबाई म्हणतात, "काकू, हॉर्न तर दूधवाल्याचा पण असतो. आम्हाला कसं कळणार?"

हॉस्पिटलात एक यंत्र मिळतं. टॉर्चएवढं असतं. जबड्याखाली गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की आवाज येतो. येतो म्हणजे काय, एकाच पट्टीत घुर्र घुर्र येतो, पण शब्द कळतात. वॉर्डात एका शेल्फवर अशी मोजकी यंत्रं ठेवलेली होती आणि घेणारे रोगी जास्त. म्हणून सरावापुरतं न्यायचं, वापरत नसाल तर परत आणून द्यायचं, कारण पुढचा माणूस वाट बघतोय. ताईंनी आणलं. पहिल्याच दिवशी शेजारचं लहान मूल आलं, जे एरवी उडी मारून त्यांच्या मांडीवर बसायचं. ताईंनी यंत्र लावून त्याला हाक मारली. ते असं काही किंचाळलं, आईच्या पदरात शिरलं, बाहेर यायलाच तयार नाही. ताईंनी यंत्र पिशवीत टाकलं ते टाकलंच.

पाटीवर लिहिलं: "पोरं घाबरतील."

"कोण, आपली पोरं?" मी म्हटलं. "तुम्हाला घाबरली नाहीत ती, या डबीला काय घाबरतात!"

त्यांनी पाटी उलटी ठेवली. माझं बोलणं संपवायचा हा त्यांचा नवा मार्ग. चार दिवसांनी पाटीवर दुसरं वाक्य आलं: व्हॅन विकायची. भाजीच्या एका व्यापाऱ्याशी माझ्या नवऱ्याकरवी बोलणंही झालं होतं. शुक्रवारी तो गाडी बघायला येणार आणि शनिवारी यंत्र हॉस्पिटलात परत जाणार. मी भांडले, रडले, नवऱ्याला बोलले, भांडी आपटली. माझं काम जाणार म्हणून नाही हो. म्हणजे तेही होतंच. पण ज्या बाईने मला चुलीपुढून उठवलं तीच आता भिंतीकडे तोंड करून बसणार, हे मला बघवत नव्हतं.

त्याच दिवसांत शाळेच्या चित्रकलेच्या बाई घरी आल्या. त्यांची शाळा दरवर्षी मुलांकडून कुठल्या तरी चांगल्या कामासाठी मदत गोळा करून घेते. यंदा मुलांनी मावशींचं नाव घेतलं म्हणे. बाईंनी रंगीत कागद लावलेला डबा आणला होता आणि त्यावर ताईंचा फोटो. गळ्याला रुमाल बांधलेला, केविलवाणा. कुठून काढला देव जाणे. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटीवर मोठ्या अक्षरात: "माझा फोटो लावून भीक मागाल तर डबा गटारात." दोन खडू मोडले त्यात. बाईंचा चेहरा पडला. त्यांच्या मागे आमची वकीलबाई उभी होती, मुंगीचा हात धरून. ती पुढे झाली.

"मावशी, भीक नाही. काम करून पैसे. तुम्हीच म्हणायचात ना, गप्प बसलात तर पैसे देते? मग लोक पण देतील. आम्ही एक आख्खा दिवस गप्प बसू. आणि पैसे तुम्हाला नाहीच मुळी. वॉर्डातल्या त्या शेल्फसाठी. तिथे रांग आहे ना? काकू सांगत होत्या."

काकू सगळं सगळीकडे सांगतात, ते खरं आहे. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा टाकायला आत पळाले. पण आतून पाहिलं तर त्यांचे खांदे हलत होते. आवाज गेल्यापासून ताईंचं हसू खांद्यात आलंय. कितीतरी दिवसांनी ते मी बघत होते.

मग काय विचारता! पोरं घरोघर फिरली. आम्ही दिवसभर गप्प बसणार, तुम्ही काय द्याल? लोकांनी हसत हसत कबूल केलं. प्रोफेसर-मुंगीच्या वडिलांनी तर रविवारीही गप्प बसणार असाल तर दुप्पट देतो, असं सांगितलं. गुरुवार ठरला. घरातून निघाल्यापासून परत घरी पोचेपर्यंत तोंडाला कुलूप. वकीलबाईंनी नियम केला: व्हॅनमधलं एकजण जरी बोललं, तरी आख्ख्या व्हॅनचे पैसे बुडाले. आम्ही मोठी माणसं तेव्हा हसलो. आणि पंच कोण? तर भोंगा मावशी. म्हणे, पंच असा हवा जो स्वतः बोलत नाही. ताईंनी पाटीवर लिहिलं: "बघू, वळणापर्यंत तरी टिकता का."

गुरुवारी सकाळी ताई माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या, मांडीवर पिशवी. त्यात पाटी, आणि परवा परत द्यायचं ते यंत्र. मुंगी आपली जागा त्यांना देऊन मुकाट मागे गेली. काय सांगू, ती व्हॅन ओळखू येईना! नुसता इंजिनाचा आवाज. पोरं गाल फुगवून बसलेली, एकमेकांकडे बघून हसू दाबणारी. बोलत होते फक्त मी. "अरे काहीतरी बोला रे, मला भीती वाटतेय," म्हटलं तर वकीलबाईने ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे डोळे वटारले. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी मागच्या काचेवर मोठा कागद चिकटवला: 'आज आम्ही गप्प आहोत. का ते विचारा.' कागद छान होता, पण काच पूर्ण झाकली. मी मनात म्हटलं, असू दे, एक दिवसाचा प्रश्न आहे.

दुपारी शाळा सुटली. एरवी निघायच्या आधी हजेरी होते: प्रत्येक पोर आपला आकडा ओरडतं आणि शेवटचा आकडा आला की मी गाडी सोडते. आज ओरडायचं कसं? मी म्हटलं, हात वर करा. भराभर हात वर झाले, मी मोजले, बरोबर भरले. घाईत मला हे दिसलं नाही की वकीलबाईंचे दोन्ही हात वर होते. तिला खिडकी उघडायची होती, ते ती खुणेनं सांगत होती! आणि मुंगी फाटकाजवळच्या बाकावर राहिलेली पाण्याची बाटली आणायला परत गेली होती. भावाला वाटलं, ती रोजच्यासारखी पुढे मावशींपाशी असेल. ताईंना वाटलं, सकाळसारखी मागे असेल. प्रोफेसरने कडी लावली, मी गाडी सोडली.

थोडं पुढे गेलो असू, तोच ताईंनी डॅशबोर्डवर पंजा आपटला.

"हो हो, कळलं," मी म्हटलं, "दुसऱ्यातच आहे गाडी, टाकते तिसरा."

पुन्हा पंजा. मी तिसरा टाकला. त्या आणखी जोरात आपटायला लागल्या. मला तर घुस्साच आला. "अहो ताई, इतके दिवस चालवतेय मी एकटी! आवाज गेला तरी तुमचं शिकवणं काही जात नाही!" पुढे ट्रक वळतात तो चौक आलेला. मी समोर बघतेय, तोंडाचा पट्टा चालू. त्यांनी माझी बाही ओढली, मी झटकली.

आणि मग माझ्या कानाशी घुर्र झालं.

"धाकटे, थांब! पोर राहिलं!"

असा ब्रेक दाबला मी, की दप्तरं पुढे येऊन पडली. ताईंच्या बाजूच्या आरशात बघितलं. रस्त्याच्या कडेने मुंगी पळत येत होती. दप्तर पाठीवर उडतंय, बाटली छातीशी धरलेली, चेहरा लालबुंद, आणि तोंड गच्च मिटलेलं. ती शाळेपासून आमच्या मागे पळत होती आणि एकदाही ओरडली नव्हती. चौकात तिच्या अंगावर काय आलं असतं, ते आजही मनात आलं की मी हातातला घास ताटात परत ठेवते.

ताई माझ्याआधी उतरल्या. तिला उचलून आत आणली, सीटवर बसवली, तिचे गुडघे, हात, डोकं सगळं चाचपून पाहिलं. मग यंत्र गळ्याला लावलं आणि कित्येक महिन्यांचा साठलेला राग त्यातून बाहेर पडला.

"ओरडायला काय झालं होतं गं तुला? तोंड नाही? हाक मारता येत नाही? जीव गेला असता म्हणजे?"

एकाच पट्टीत, घुर्र घुर्र. पण शब्दांत आमच्या ताई होत्या, चांगल्या नखशिखांत. मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, आता कुणीतरी किंचाळेल, कुणीतरी फिदीफिदी हसेल. एकही पोर घाबरलेलं नव्हतं. सगळी जागची उठून पुढे वाकली होती, डोळे एवढे मोठे करून. प्रोफेसर चष्मा काढून डोळे पुसत होता. वकीलबाईने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

मुंगी हुंदके देत होती, तेही तोंड मिटून. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मागच्या कागदाकडे दाखवलं.

"संपलं," ताई यंत्रातून म्हणाल्या. आता जरा हळू. "मी पंच आहे. मी सांगते, संपलं. बोल."

तिने मागे वकीलबाईकडे बघितलं. वकीलबाईने मान हलवली. तेव्हा कुठे ती बोलली.

"मी ओरडले असते तर पैसे बुडाले असते. मग तुम्हाला आवाज नसता मिळाला."

कितीही समजावलं होतं ना, पैसे शेल्फसाठी, दुसऱ्या रोग्यांसाठी. तिच्या लेखी ते सगळं एकाच बाईसाठी होतं. ताईंनी यंत्र खाली घेतलं. त्यांनी तिला मांडीवर ओढून घेतलं, आणि त्यांच्या गळ्याचा पांढरा रुमाल जोरजोरात हलत राहिला. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून मोठ्याने रडले. मला कुणी गप्प बसायला सांगितलेलं नव्हतं. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. देऊ देत म्हटलं.

बाकीची पोरं पंचाचं ऐकतील तर शपथ. घर येईपर्यंत एकाने तोंड उघडलं नाही. प्रत्येकजण उतरायचा, घराच्या दारात पाय टेकवायचा आणि वळून ताईंच्या खिडकीपाशी यायचा. तोंड उघडायची परवानगी आता त्याला होती. आणि पहिला शब्द काय? एकामागून एक, सगळ्यांचा तोच: "भोंगा मावशी!" अगदी तोंडावर, ठणाणा करत. माझी तर मान खाली गेली. ताईंनी यंत्र लावून विचारलं, "हे माझं नाव आहे होय?" आणि खांदे हलायला लागले.

शुक्रवारी तो भाजीचा व्यापारी आला. ताईंनी त्याला दारातच यंत्र लावून सांगितलं, "गाडी विकायची नाही." तो बिचारा दोन पायऱ्या मागे सरकला. मी त्याला चहा पाजून पाठवलं. पंचाचा निकाल लोकांनीही मानला, हॉस्पिटलात पोरांचे पैसे पोचले, शेल्फवर नवी यंत्रं आली आणि ताईंकडचं यंत्र ताईंकडेच राहिलं. वॉर्डात नवा रोगी यंत्राला हात लावत नसला की नर्स आता ताईंना बोलावून घेते. ताई जातात आणि त्याच्यावर ओरडतात. बहुतेक सगळे ऐकतात.

स्टिअरिंगवर आता पुन्हा ताई आहेत, दारात मी. हजेरी पुन्हा तोंडाने होते. इमारतीखाली गाडी लागली की त्या एका हाताने यंत्र धरतात आणि डोकं बाहेर काढतात. "वकीलसाहेब, कोर्ट उघडलं." "प्रोफेसर." "मुंगे, ए मुंगे." आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचत नाही, पण पोरं आधीच जिन्यात कान देऊन उभी असतात. काही कार्टी तर गळ्याला मुठी लावून घुर्र घुर्र बोलतात, त्यांचीच नक्कल. मी पहिल्यांदा हात उगारला होता. ताईंनी तो धरला, आणि नक्कल करणाऱ्याला यंत्र नीट कुठे टेकवायचं ते दाखवलं.

लोक म्हणतात, मुलांना मदतीचं काम दिलं की मुलांवर चांगले संस्कार होतात. होत असतील. मला त्यातलं काही कळत नाही. मला एवढंच माहीत आहे की मला चुलीपुढून उठवलं ताईंनी आणि ताईंना भिंतीपुढून उठवलं या पोरांनी. त्यांचे उपकार मी फेडू शकत नाही, फेडायचेही नाहीत. रोज दारात बसते, एकेकाला हात देऊन वर घेते, आणि मनातल्या मनात प्रत्येकाला धन्यवाद म्हणते. मनातल्या मनात, कारण मोठ्याने म्हणायला जागाच नसते. आतमध्ये असा काही गोंधळ चाललेला असतो की विचारू नका. एक रडतंय, दोघं भांडतायत, मुंगी पुढच्या सीटवर उभी राहून गातेय.

"गप्प बसा रे!" ताई यंत्रातून म्हणतात. "पैसे देते, गप्प बसा!"

कुणीही गप्प बसत नाही.